पकडला, पुढे काय?

दादरच्या फुलबाजारातल्या चिखलात मी एका साखळीचोरामागे धावलो होतो. माझे बूट घसरत होते, तो अनवाणी. क्रेटला अडखळला म्हणून सापडला. श्रेय माझं नाही. खरी दमछाक पुढे झाली. गर्दीने हात साफ करू नये म्हणून त्याला कवेत धरून व्हॅनपर्यंत नेला. दोन गुद्दे मलाच बसले.

आता कुठेकुठे पोलीसच आरोपींची धिंड काढतात आणि लोक टाळ्या पिटतात. मला, निवृत्त हवालदाराला, हे पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या डी. के. बसू निकालाने अटकेची लेखी नोंद, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकांना खबर हे सगळं बंधनकारक केलं. २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणं तर राज्यघटनेतच आहे. त्यात धिंड कुठे बसते?

व्हॅनमध्ये त्या पोराने पाणी मागितलं. मी माझी बाटली दिली.