सात जन्मांचा स्वर्ग आणि परभणीची कोठडी

मी गोदीत अंगमेहनतीचं काम करतो. कंत्राटी. मॅट्रिक झालोय, पुढं जमलं नाही. कविता लिहितो. दिल्लीतल्या भाषणावर बोलायची ह्याची काय लायकी, असं ज्याला वाटेल त्यानं खुशाल पान उलटावं. पण त्या भाषणात ज्याचं नाव लागोपाठ सहा वेळा घेतलं तो माझा बाप आहे. बापाबद्दल बोलायला सर्टिफिकेट लागत नाही.

तारीख १७ डिसेंबर २०२४. संविधानाला ७५ वर्षं झाली म्हणून राज्यसभेत चर्चा. गृहमंत्री अमित शहा उभे राहिले आणि म्हणाले, आता ही एक फॅशन झालीय, आंबेडकर, आंबेडकर, आंबेडकर, आंबेडकर, आंबेडकर, आंबेडकर. एवढं नाव देवाचं घेतलं असतं तर सात जन्म स्वर्ग मिळाला असता.

हे चालू होतं तेव्हा मी जहाजाच्या पोटात होतो. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर डॉकयार्ड रोडला गोरेगाव गाडी धरली, तर शिवडीला क्लिप पहिल्यांदा आली. वडाळ्याला तीन ठिकाणांहून. वांद्र्यानंतर मोजणं सोडलं. काही सेकंदांचा तुकडा. कुणी त्याला ढोल लावलेला, कुणी खाली आग पेटवलेली, कुणी शहांच्या तोंडावर फुली मारलेली. समोरच्या बाकावर एक जण तीच क्लिप आवाज मोठा करून बघत होता. बघून हसला आणि शेजारच्याला म्हणाला, "बरोबर तर बोलला." माझ्या मांडीवर डबा होता. मी गप्प बसलो. जोगेश्वरीला उतरल्यावर पुलावर उभं राहून त्याला द्यायचं उत्तर मी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकलं. चार स्टेटस, एकापेक्षा एक जहाल. त्या माणसाकडं माझा नंबर नाही.

तिथून दोन दिवस मी मोबाईल खाली ठेवला नाही. एका बाजूनं क्लिप, दुसऱ्या बाजूनं ‘पूर्ण भाषण ऐका’. प्रधानमंत्री मोदींनी १८ तारखेला एक्सवर एकापाठोपाठ एक पोस्टी टाकून शहांची बाजू घेतली. त्याच दिवशी खरगेंनी शहांना मंत्रिमंडळातून काढा म्हणून मागणी केली, आणि शहांनी पत्रकार बोलावून सांगितलं की माझ्या शब्दांची मोडतोड झाली. काँग्रेस म्हणाली, क्लिप काढा म्हणून सरकारकडून नोटिसा आल्या. १९ तारखेला राहुल गांधी निळा टी-शर्ट घालून आले, प्रियांका गांधी निळ्या साडीत. संसदेच्या दारात खासदारांची ढकलाढकली झाली, भाजपचे दोन खासदार दवाखान्यात गेले, आणि मग दिवसभर कोण कुणाच्या अंगावर पडलं ह्याचेच व्हिडिओ. आम आदमी पार्टीनं तर कमाल केली. कॉम्प्युटरवर बाबासाहेब बनवला आणि त्याच्याकडून केजरीवालांना आशीर्वाद देवविला. ज्या माणसानं जन्मभर आशीर्वादवाल्यांशी भांडण केलं त्याला ह्यांनी बाबा-महाराज करून टाकला. आणि आपल्यातल्याच पोरांनी ते लाईक केलं.

मग एका रात्री ठरवलं की बघूच काय ते पूर्ण भाषण. ऐकलं. शहा पुढं म्हणतात, आंबेडकरांचं नाव अजून शंभर वेळा घ्या, पण त्यांच्याबद्दल तुमचा भाव काय होता ते मी सांगतो. आणि काँग्रेसला विचारतात की बाबासाहेबांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा का दिला. कारणं सांगतात: अनुसूचित जाती-जमातींना मिळणारी वागणूक, परराष्ट्र धोरण, ३७० कलम. प्रश्न खोटा नाही. काँग्रेसनं बाबासाहेबांना १९५२ ला ह्याच मुंबईत पाडलं, १९५४ ला भंडाऱ्याला पाडलं, हे निळा टी-शर्ट घालून धुऊन निघत नाही.

पण त्या कारणांच्या यादीत एक भोक आहे. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ ला राजीनामा दिला. ऑक्टोबरात ते सभागृहात निवेदन करायला आले, तर उपाध्यक्षांनी आडवं लावलं. आधी प्रत द्या, मग वेळ बघू. बाबासाहेब उठून बाहेर गेले आणि निवेदन वर्तमानपत्रवाल्यांना देऊन टाकलं. म्हणजे ज्या भाषणाचा हवाला देऊन ही मंडळी एकमेकांची डोकी फोडतात ते भाषण सभागृहात करूच दिलं नव्हतं! त्या निवेदनात शेवटचा आणि जबर घाव हिंदू कोड बिलाचा आहे. बाईला वारसा, बाईला घटस्फोट. ते बिल मारलं म्हणून हा माणूस खुर्ची सोडून निघाला. मारलं कुणी? काँग्रेसमधल्या सनातन्यांनी अडवून धरलं, आणि बाहेर रस्त्यावर संघवाल्यांनी. १९४९ च्या डिसेंबरात रामलीला मैदानावर संघाची सभा झाली आणि त्या बिलापायी दिल्लीत नेहरूंचा आणि आंबेडकरांचा पुतळा जाळला. शहांचं भाषण झालं तेव्हा बरोबर ७५ वर्षं झाली होती त्याला. तेव्हा राजीनाम्याच्या कारणांत हिंदू कोड बिल का नव्हतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आणि समोरच्या बाकांनी ते का काढलं नाही तेही कळतं. दोघांचेही हात त्यात आहेत.

म्हणून मला विचाराल तर क्लिपही फसवते आणि पूर्ण भाषणही फसवतं. क्लिपवाले सांगतात अपमान ‘फॅशन’ शब्दात आहे. अरे, फॅशनची शिवी आपल्याला नवी आहे का? स्वच्छ कपडा घातला तरी ज्यांच्या पोटात दुखायचं त्यांच्या छातीवर पाय देऊन बाबासाहेब सुटाबुटात उभा राहिला. ती फॅशनच होती, आणि आम्ही ती मुद्दाम केली. मला डाचतं ते पुढचं वाक्य, ज्याच्यावर कुणी ढोल लावला नाही. स्वर्ग. सात जन्म. आमच्या आज्यानं बाबासाहेबांचं नाव घेतलं ते काही मिळवून मेल्यावर वर जायला घेतलं नव्हतं. पोराला शाळेत घालताना घेतलं, मेलेलं ढोर ओढणार नाही म्हणताना घेतलं, गाव सोडून मुंबईची गाडी धरताना घेतलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात देव सोडले तेव्हा त्यांचा स्वर्गही त्यांना परत दिला. आता कोण कुठला गृहमंत्री आम्हाला त्याची लालूच दाखवतो? सात जन्म कुणाला पाहिजेत, ह्याच जन्मात मस्टरवर कायमचं नाव लागू द्या.

इथपर्यंत मी खूश होतो. ह्याची कविता होईल असं वाटत होतं.

तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आरं बाळा, ते परभणीचं पोरगं मेलं कोठडीत, त्याचं काय झालं पुढं?"

मोबाईल माझ्या हातात होता आणि मला सांगता येईना.

१० डिसेंबरला परभणीत स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरची संविधानाची प्रतिकृती एकानं फोडली. ११ ला बंद झाला, दगडफेक-जाळपोळ झाली, आणि मग पोलीस वस्त्यांत शिरले. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. वडार समाजाचा, वकिलीचं शिक्षण घेणारा. १५ तारखेला कोठडीत मेला. शवविच्छेदनाच्या अहवालात कारण लिहिलं, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. १६ ला त्याचं प्रेत परभणीत आणलं. आणि १७ ला दिल्लीत त्याच संविधानाच्या ७५ वर्षांची चर्चा! तारखा शेजारी ठेवून बघा. संविधानाची नुसती प्रतिकृती फोडली म्हणून रस्त्यावर उतरलेल्यांतला एक माणूस सरकारच्या ताब्यात मरतो, आणि दोन दिवसांनी सरकार संविधानाचे गोडवे गातं. १९९७ ला रमाबाई नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातला, लोक रस्त्यावर आले, गोळीबारात १० माणसं मेली. तोच नकाशा.

२० डिसेंबरला मुख्यमंत्री फडणवीसांनी विधानसभेत सांगितलं की सोमनाथला मारहाण झालेली नाही. हेही भाषणच. ह्याची क्लिप माझ्याकडं किती ठिकाणांहून आली? एका. तीसुद्धा मी पूर्ण बघितली नाही, कारण तोवर खासदारांच्या ढकलाढकलीचा नवा व्हिडिओ आला होता. मी. चार जहाल स्टेटसवाला विद्रोही कवी.

दोष एकट्या माझा आहे असं म्हणून मी तुम्हाला सोडणार नाही. आमच्या वस्तीचा ग्रुप आहे, दोनशेच्या वर माणसं. शहांच्या क्लिपच्या रात्री तिथं झोप कुणाला नव्हती. सोमनाथची आई कोर्टात लढत राहिली. ४ जुलै २०२५ ला हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवा म्हणून आदेश दिला. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि ३० जुलैला तिथंही हरलं. ह्या आदेशाची बातमी मी ग्रुपवर टाकली. तीन अंगठे आले. त्यातला एक माझ्याच धाकट्या भावाचा. नावाला कुणी हात लावला की आपण पेटतो, ते पेटायलाच पाहिजे. पण नाव घेणारा माणूस ज्या कोठडीत मेला तिथं आपली आग पोचत नाही. मधेच फॉरवर्ड होऊन विझते. दिल्लीवाल्यांना हे बरोब्बर ठाऊक आहे. नावाची भांडणं कितीही करा, त्यांना चालतंय.

आता आम्ही गुंफेजवळच्या विहारात रविवारी संध्याकाळी बसतो. तो ४ जुलैचा आदेश वाचतो. पहिल्या वेळी अकरा जण होते, त्यात आई आणि तिच्या दोन मैत्रिणी. आदेश इंग्रजीत आहे. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीनं एक पान लावायला तास जातो, अन् बायका मधेच थांबवून विचारतात की ह्याचा अर्थ सांग, नुसतं वाचू नको. तिसऱ्या पानावर आहोत. कॉलेजात शिकणाऱ्यांपैकी कुणाला यायचं असेल तर या. येताना डिक्शनरी आणा, आमच्याकडं एकच आहे आणि तिची सुरुवातीची पानं गेलीत.