जुना संगणक देऊन टाकण्यापूर्वी

विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि माझ्या दवाखान्यातील नऊ वर्षांचा संगणक टेबलावरून खाली उतरला. आपल्या बोरगावात असे यंत्र फार दिवस रिकामे पडून राहत नाही. कोणी भाच्यासाठी मागून नेतो, नाहीतर ते नागपूरच्या जुन्या सामानाच्या बाजारात पोहोचते. मी तो संगणक एका परिचितांच्या मुलाला दिला. देताना रुग्णांच्या फायली पुसल्या, रिसायकल बिन रिकामे केले आणि निर्धास्त झालो.

पंधरा दिवसांनी तो मुलगा संकोचत दवाखान्यात आला. चुकून पुसला गेलेला स्वतःचा एक प्रकल्प शोधण्यासाठी त्याने फुकट मिळणारे एक सॉफ्टवेअर चालवले होते. प्रकल्प मिळाला नाही. माझी २०१९ सालची संदर्भपत्रे मात्र पडद्यावर आली. त्यांतील एक पत्र त्याच्याच गल्लीतील एका बाईंचे होते. मुलगा समजूतदार, म्हणून गोष्ट तिथेच थांबली.

महानगरात कागदावरचे नाव हे नुसते नाव असते. बोरगाव, सौसर, पांढुर्णा या टापूत नाव वाचताच घर, भाऊबंद आणि सोयरसंबंध डोळ्यांपुढे उभे राहतात. क्षयरोग, मानसिक विकार, वंध्यत्वाचे उपचार यांतील एखादी ओळ बाहेर गेली तर ठरलेले लग्न मोडू शकते. कागदी केसपेपर आपण कुलपात ठेवतो. संगणकाच्या बाबतीत इतके बेफिकीर का राहावे?

फाइल पुसली म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना कोणी सांगितलेलेच नसते. अनुक्रमणिकेतील नोंद खोडली जाते, केसपेपर मात्र कपाटातच राहतो. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो वाचता येतो. ब्रायटन येथील सरकारी रुग्णालय-समूहाच्या नष्ट करण्यासाठी काढलेल्या हार्ड डिस्क २०१० मध्ये इंटरनेटवरील लिलावात विकल्या गेल्या. त्यांत एचआयव्हीबाधित रुग्णांचीही माहिती होती. २०१२ मध्ये त्या संस्थेला ३,२५,००० पौंडांचा दंड झाला.

उपाय सोपा आहे : डिस्कवरील रिकाम्या जागेवर निरर्थक माहिती लिहून काढणे. पण जाणकारही तो टाळतात, कारण 'ते दोन-दोन दिवस चालते' अशी समजूत आहे. तिचे मूळ पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधात आहे. त्यात ३५ वेळा लिहिण्याचा क्रम होता. तो त्या काळच्या निरनिराळ्या डिस्कसाठी होता. आधुनिक डिस्कला त्याची गरज नाही, असे खुद्द गटमन यांनीच पुढे स्पष्ट केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनेही आजच्या चुंबकीय डिस्कसाठी एक फेरी पुरेशी मानली आहे. माझ्या मते ३५ फेऱ्यांच्या या धास्तीने नुकसानच अधिक केले. परिपूर्ण काम जमत नाही म्हणून माणसे पुरेसे कामही करीत नाहीत.

हिशेब पाहा. ४०० जीबी रिकामी जागा आणि सेकंदाला १०० एमबी लिहिणारी डिस्क असेल तर एका फेरीस सव्वा तासाच्या आत-बाहेर लागेल. ३५ फेऱ्यांना जवळजवळ ४० तास. विंडोजमधील 'सायफर' ही आज्ञा तीन फेऱ्या करते, तेव्हा एकच फेरी निवडू देणारे साधन घ्यावे आणि शून्ये लिहावीत. डिस्क बाहेर काढून जुन्या यूएसबी २.० केबलने जोडू नये. तेवढ्यानेच वेळ तिप्पट होतो. ती संगणकाच्या आतच असू द्यावी, त्या वेळेपुरती अँटिव्हायरसची सततची तपासणी थांबवावी आणि यंत्रावर दुसरे काम करू नये. आधी विंडोजचे जुने रिस्टोर पॉइंट काढून टाकावेत. त्यांत फायलींच्या प्रती दडलेल्या असतात आणि ती जागा रिकामी गणली जात नाही.

एसएसडी असेल तर मात्र हा मार्ग घेऊ नये. तेथे माहिती कोठे लिहायची हे डिस्कच ठरवते, त्यामुळे खात्री मिळत नाही आणि झीज होते ती वेगळी. निर्मात्याने दिलेली सिक्युअर इरेजची सोय वापरावी. सर्वांत जलद उपाय पहिल्या दिवशीच करायचा असतो : डिस्क सुरुवातीपासून बिटलॉकरसारख्या साधनाने कूटबद्ध ठेवली, तर शेवटी फक्त किल्ली नष्ट करायची. नव्या संगणकावर मी तसेच केले आहे.

पुसण्यापूर्वी एक पथ्य. २००२ च्या नियमावलीनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात. त्यांची प्रत सुरक्षित ठिकाणी आहे ना, हे आधी पाहावे.

त्या मुलाकडून मी संगणक एका संध्याकाळपुरता परत मागून घेतला. त्याच्या फायली होत्या तशाच ठेवून रिकामी जागा लिहायला लावली आणि ओपीडीत बसलो. शेवटचा रुग्ण उठण्यापूर्वी फेरी पूर्ण झाली होती. मग मुलालाच त्याचे ते सॉफ्टवेअर पुन्हा चालवायला सांगितले. या वेळी काही फायलींची नुसती नावे दिसली. उघडली एकही नाही.