कॅमेऱ्यांची घड्याळं आधी जुळवा

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव औद्योगिक वसाहतीत, फियाट इंडियाच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास तयार होते. टाटांची नेक्सॉनही तिथलीच. तिथेच बनणाऱ्या मेरिडियनच्या वरच्या श्रेणीत २०२४ पासून पुढच्या वाहनापासूनचं अंतर स्वतः राखणारी आणि धडक होणार असं दिसताच ब्रेक लावणारी यंत्रणा मिळू लागली. अंतर मोजणारी गाडी शिरूरकरांच्या दारातच जन्माला येते. ज्या रस्त्यांवर तिची खरी परीक्षा व्हायची, ते रस्तेही फार लांब नाहीत.

न्हावरा ते चौफुला हा रस्ता शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांना जोडतो. गाळप हंगामात रात्री तिथे किंवा सोलापूर महामार्गावर यवत ते पाटसच्या दरम्यान उभं राहून पाहावं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर संथ चाललेला असतो. मोळ्या ट्रॉलीच्या चौकटीबाहेर आलेल्या असतात, लोंबणाऱ्या वाढ्यांखाली रिफ्लेक्टर झाकून गेलेला असतो. मागचा दिवा असला तर एखादाच. मागून ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्या चालकाला तो काळा आकार किती लांब आहे आणि चालतोय की थांबलाय, हे फार उशिरा कळतं. कॅमेऱ्यानेही तेच ओळखायचं आहे, आणि तेही माणसाच्या आधी.

दोन कॅमेऱ्यांनी अंतर मोजण्याची रीत माणसाच्या डोळ्यांसारखीच आहे. बोट नाकासमोर धरून आधी एक, मग दुसरा डोळा मिटला की बोट सरकल्यासारखं दिसतं. हात लांब नेला की ते कमी सरकतं. या सरकण्यावरूनच अंतर काढतात. गाडीत दोन कॅमेरे ३० सेंटिमीटर अंतरावर बसवले आणि भिंगाचं नाभीय अंतर १००० पिक्सेलइतकं धरलं, तर ३० मीटरवरची ट्रॉली दोन चित्रांत १० पिक्सेल सरकलेली दिसेल. ती ९ पिक्सेल मोजली गेली, तर हिशेबात ट्रॉली ३३ मीटरवर जाते. एका पिक्सेलच्या चुकीत तीन मीटर गेले. ६० मीटरवर तोच एक पिक्सेल चुकला, तर उत्तर ७५ मीटर येतं.

हा एक पिक्सेल चुकतो कशाने? भिंग सैल झालं, खड्ड्याच्या धक्क्याने कॅमेरा हलला, ही कारणं सर्वांना सुचतात. पण दोन्ही कॅमेऱ्यांनी चित्र एकाच क्षणी टिपलं नाही, हे कारण सहसा कोणी विचारात घेत नाही. गाडी वळणावर सेकंदाला ६ अंश फिरत असेल आणि उजव्या कॅमेऱ्याने डाव्यापेक्षा १० मिलिसेकंद उशिरा चित्र घेतलं, तर तेवढ्यात गाडीचं नाक ०.०६ अंशाने वळलेलं असतं. वरच्या उदाहरणात ते साधारण एक पिक्सेल भरतं. सेकंदाच्या शंभराव्या भागात तीन मीटरची चूक होते, आणि यंत्र ती छातीठोकपणे खरी म्हणून सांगतं. सरळ रस्त्यावर, सावकाश चालवून घेतलेल्या प्रात्यक्षिकात ही चूक दिसणारही नाही.

अडचणी आणखी आहेत. स्वस्त कॅमेरे चित्र एकदम न घेता वरपासून खाली ओळीओळीने वाचतात. त्यामुळे एकाच चित्राचा माथा आणि तळ वेगवेगळ्या क्षणांचे असतात. रात्री उजेड कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहतं, आणि समोरून दिवे मारत ट्रक आला की दोन कॅमेरे आपापल्या मताने तो वेळ बदलतात. त्यात बऱ्याच साध्या यंत्रणा वेळेचा शिक्का मारतात तो चित्र संगणकात पोहोचल्यावर. शटर कधी उघडलं, हे त्या शिक्क्यात नसतंच.

उपाय माहीत आहेत आणि ते दुर्मीळ नाहीत. सगळ्या कॅमेऱ्यांना एकाच तारेवरून ‘आता’ असा इशारा द्यायचा. उपग्रहांकडून दर सेकंदाला मिळणाऱ्या ठोक्यावर घड्याळं लावायची. नेटवर्कवरची यंत्रं एकमेकांशी जुळवण्याची आयईईई १५८८ ही पद्धत तर २००२ मध्येच प्रमाणित झाली. पडताळणीही साधी आहे: मिलिसेकंद दाखवणारा दिव्यांचा फलक दोन्ही कॅमेऱ्यांपुढे धरायचा आणि दोन चित्रांतले आकडे ताडून पाहायचे. कोणताही एसटी आगार व्यवस्थापक हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकतो.

रस्त्यावरचा धोका कॅमेऱ्याने हेरण्याच्या कामाचा पाया महाराष्ट्रात नागपुरात घातला गेला. २०२१ मध्ये नागपूर महापालिका, इंटेल, हैदराबादची आयआयआयटी आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यांनी ‘आयरास्ते’ प्रकल्प सुरू केला. शहर बसगाड्यांवर कॅमेऱ्याची यंत्रणा बसवून चालकाला धडकेचा इशारा द्यायचा आणि असे इशारे वारंवार कुठे मिळतात ते नकाशावर मांडायचं, म्हणजे माणसं मरण्याआधीच धोक्याची जागा कळेल, हा त्यातला विचार. तो अतिशय मोलाचा आहे. तिथेही घड्याळाचा प्रश्न येतोच. ताशी ४० किलोमीटरने जाणारी बस सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते. इशारा आणि स्थाननोंद यांत एका सेकंदाचा फरक पडला, तर फाट्याच्या अलीकडचा धोका पलीकडे नोंदला जाईल आणि गतिरोधक चुकीच्या जागी होईल.

हाच प्रयोग आता शिरूर आणि दौंड आगारांच्या एसटी बसगाड्यांवर करावा. ऊस वाहतुकीच्या काळात या गाड्या रात्री-अपरात्री त्याच रस्त्यांवर असतात. ट्रॉलीच्या मागे अडकणं हा त्यांचा रोजचा अनुभव. एका हंगामात जमेल तेवढी माहिती प्रयोगशाळेत बसून मिळणार नाही.

केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये बस आणि मोठ्या मालवाहू वाहनांना स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक सक्तीचा करण्याच्या नियमाचा मसुदा काढला. दिशा योग्य आहे. मात्र आंतरराष्ट्रीय नियमांत अशा ब्रेकच्या चाचणीसाठी समोर प्रवासी मोटार किंवा तिच्यासारखं नरम लक्ष्य उभं करतात. उसाच्या ट्रॉलीला मोटारीसारखी मागची बाजू नसते. एका कॅमेऱ्याची यंत्रणा बरीचशी वाहनाच्या ओळखीच्या आकारावर विसंबते, आणि इथे तो आकारच मोळ्यांत हरवतो. दोन कॅमेऱ्यांच्या यंत्रणेपुढे वेगळाच पेच असतो. उसाची शेकडो सारखी टोकं एकाशेजारी एक दिसली की डाव्या चित्रातल्या टोकाची जोडी उजव्या चित्रात कोणाशी लावायची, हे यंत्राला कळेनासं होतं. तिथे वेळेचा थोडाही फरक असेल, तर चुकीची जोडी लागायची शक्यता वाढते.

म्हणून पुण्यातल्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने आपल्या चाचण्यांत उसाने भरलेली ट्रॉली आणि टायरगाडी हीसुद्धा लक्ष्यं म्हणून घ्यावीत. दिवसा, रात्री आणि वळणावर. पाटसचा भीमा साखर कारखाना किंवा आलेगावचा दौंड शुगर यांनी त्यासाठी भरलेली वाहनं द्यावीत. सरकारी बसगाड्यांसाठी कॅमेरे खरेदी करताना निविदेत किती मेगापिक्सेल हवेत हे जसं लिहितात, तसंच दोन कॅमेऱ्यांतला वेळेचा फरक एक मिलिसेकंदाच्या आत हवा, वेळेचा शिक्का शटरच्या क्षणाचा हवा, आणि दर सहा महिन्यांनी फलक धरून तपासणी हवी, हेही लिहावं. तपासणीचा निकाल बसच्या देखभाल नोंदीत, ब्रेक आणि टायरच्या रकान्याशेजारी यावा.

तोवर ट्रॉलीच्या मागे, वाढ्यांच्या वर दिसेल असा रिफ्लेक्टर आणि चालू दिवा लावून घेणं कारखान्यांच्या हातात आहे. वाहन रिकामं होऊन परत निघताना, काट्यावरच ही तपासणी करता येईल.