बर्फ तारीख पाहून वितळत नाही

मैत्रिणींनो, मे महिना आला की आपल्या गावांतूनही मुलं-मुली हिमालयात ट्रेकला निघतात. हल्ली तर चाळिशी ओलांडलेल्या बायकाही निघतात, ही आनंदाचीच गोष्ट. आमच्या मंडळात आया विचारतात, स्वेटर किती द्यायचे, लाडू टिकतील का? बर्फाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात कुठला बर्फ, असा आपला समज!

हिमाचलातल्या पार्वती खोऱ्यातली सार खिंड सुमारे १३,८०० फुटांवर आहे. मे महिन्यात ती बहुधा बर्फ तुडवतच ओलांडावी लागते. बर्फ किती उरेल हे थंडीत किती पडला आणि ऊन कधी तापलं, यावर ठरतं. म्हणून ‘गेल्या वर्षी याच तारखेला वाट मोकळी होती’ हे उत्तर पुरेसं नाही. दोन-चार दिवसांत ती वाट चाललेल्या तिथल्या माणसाची खबर हवी.

दुसरी गोष्ट वेळेची. निरभ्र रात्री बर्फ गोठून टणक होतो. ऊन चढलं की तो भुसभुशीत होतो आणि पाय मांडीपर्यंत रुततो. म्हणून खिंडीकडे पहाटेच्या अंधारात निघतात. टणक बर्फावर पाय घसरतो, तेव्हा बुटांना लावायचे खिळे आणि पायऱ्या खोदणारा वाटाड्या हवाच. रात्रभर आभाळ भरलेलं असेल तर पहाटेही बर्फ नीट गोठलेला नसतो. आणि बर्फाखालून पाण्याची खळखळ ऐकू आली, तर खाली ओढा आहे, वरचा थर केव्हाही खचेल, हे ओळखावं.

हवेचाही भरवसा नाही. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर हवामान बिघडलं आणि कर्नाटकातून गेलेले नऊ जण दगावले. तेही उन्हाळ्याचेच दिवस होते.

तेव्हा पैसे भरण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: परत फिरायचं कोण ठरवतं आणि कशावरून? नीट उत्तर मिळालं नाही, तर दुसरीकडे चौकशी करा.

एक काम मात्र आपलं, घरच्यांचं. लेक खिंड न चढताच परतली, तर ‘एवढे पैसे वाया घालवलेस’ असं म्हणू नका. या बोलण्याच्या धाकानंच पोरं नको तिथे पुढे पाऊल टाकतात. खिंड कुठे पळून जात नाही; पुढच्या वर्षीही ती तिथेच असणार आहे.