नारनाळ्याचा गड, रोहिणखेडचा घाट आणि डोमेनची उतरंड

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी रोहिणखेड वसले आहे. पंधराव्या शतकात खानदेशच्या नासिर खानाने वऱ्हाडावर चाल केली, तेव्हा बहमनी तरफदार खान-ए-जहान नारनाळ्याच्या गडात कोंडला गेला होता. निकाल मात्र गडावर लागला नाही. मलिक-उत-तुज्जारने नासिर खानाला मोडले ते रोहिणखेडला.

सायबर सुरक्षेची आपल्याकडील चर्चा अजून गडाभोवतीच घुटमळते. घाट कोणी मोजत नाही.

मोताळ्याचा शेतकरी सातबारा पाहतो तो 'भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन' येथे. तेथे तो बुलढाणा जिल्हा, मोताळा तालुका, मग गाव असा वरून खाली उतरतो. संकेतस्थळाच्या नावातही हीच उतरंड आहे, फक्त ती उजवीकडून वाचायची: 'इन' देशाचे, 'गव्ह' शासनाचे, 'महाभूमी' राज्याच्या भूमी अभिलेखांचे, 'भूलेख' त्यातील एका सेवेचे.

१९८३ पूर्वी इंटरनेटच्या पूर्वजाला, अर्पानेटला, अशी उतरंड नव्हती; सर्व यंत्रांची नावे एकाच यादीत असत आणि ती यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. पॉल मोकापेट्रिस यांनी त्या वर्षी मांडलेल्या रचनेत प्रत्येक पातळीला आपल्याखालची नावे देण्याचा अधिकार मिळाला. सुभा, सरकार, परगणा यांसारखेच हे. आणि दुखणेही तेच: सनद देणारे पुष्कळ, परत घेणारे थोडे.

एखाद्या खात्याने उपडोमेन काढून ते भाड्याच्या सर्व्हरकडे वळवले, करार संपला, पण नोंद राहिली, असे समजा. काही सेवांमध्ये तीच सोडलेली जागा दुसरा कोणी घेऊ शकतो. मग तो शासनाच्या नावाने दुकान मांडून बसतो. मूळ डोमेनसाठी ठेवलेली कुकी ब्राउझर उपडोमेनलाही देऊ शकतो, त्यामुळे तोटा त्या एका फांदीपुरता राहतोच असे नाही.

म्हणून नुसत्या नावांची यादी म्हणजे नकाशा नव्हे. एकाच छत्राखालची दोन भावंडे निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर असू शकतात. नाव ते सांगत नाही. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या यंत्राकडे जाते, कोणी मागितले आणि आज त्याचा जबाबदार कोण, हे तीन रकाने हवेत. यांतला तिसरा रकाना कोरा दिसला की तपासाची सुरुवात तेथूनच करावी, मुख्य संकेतस्थळ कितीही भक्कम असो.