सात गुंठ्यांची बहीण

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आमचे गाव आहे. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा रस्ता सोडून आत वळायचे, एसटी जिथून माघारी फिरते त्याच्याही पुढे. पावसाळ्यात दरड आली की रस्ता बंद. निम्म्या घरांना कुलपे, माणसे मुंब्र्यात नाहीतर आखातात. उरलेले भात लावतात, वरकस जमिनीत नाचणी-वरी करतात. "या डोंगरातल्या जमिनीला किंमत ती काय?" असे माझ्या वडिलांची पिढी म्हणायची. आणि हेच सांगून बहिणींच्या सह्या घ्यायची.

2001 साली माझ्या फुफीची अशी सही घेतली गेली. हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून माझीही सही आहे. मी नुकताच पदवीधर झालेला, घरात कागद वाचता येणारा मीच. फुफी पनवेलहून एसटीने आली होती. कचेरीच्या व्हरांड्यात तिने विचारले, "कुठं करू सही, बाळा?" मी बोट ठेवून जागा दाखवली. कागदात काय लिहिले आहे ते तिने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. परतताना वडिलांनी तिला साडी घेतली.

त्याच सहीत महामार्गालगतचा एक लहान तुकडाही होता. पुढे मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात तो गेला, मोबदला वडिलांच्या आणि चुलत्यांच्या खात्यात आला. आमच्या घरावरचा स्लॅब त्या पैशाचा आहे. फुफीला कोणी कळवले नाही. तिला ते दुसऱ्यांकडून समजले, पण ती काही बोलली नाही. ती आता हयात नाही. म्हणून हा लेख लिहिताना मी वरच्या पायरीवर उभा आहे असे कोणी समजू नये.

आता हिशेब. शाळेत गणित शिकवणाऱ्यांनाही हा येत नाही, असा माझा अनुभव आहे. माणूस मेला, मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. जमीन एक एकर, म्हणजे 40 गुंठे. बायकोचा आठवा हिस्सा, 5 गुंठे. राहिले 35. मुलाला दोन भाग, मुलीला एक, असे पाच भाग केले की भाग 7 गुंठ्यांचा पडतो. मुलगे 14 आणि 14, मुलगी 7. सूरे निसामध्ये हे हिस्से नेमून दिले आहेत. ही दानधर्माची सूचना नाही, फर्ज आहे, आणि म्हणूनच या विद्येला फराइज म्हणतात. मुलीला अर्धे का, यावर वाद घालणारे घालोत. आमच्या गावात तिला अर्धेही मिळत नाही, शून्य मिळते. अर्ध्याचे समर्थन करायला तासभर बोलणारा माणूस शून्यावर एक वाक्य बोलत नाही.

विचारले तर उत्तरे ठरलेली आहेत. जहेज दिले, लग्नात खर्च केला. मग मुलाच्या दुबईच्या व्हिसाचे पैसे, त्याच्या वलीम्याचा खर्च त्याच्या चौदा गुंठ्यांतून कधी वजा केला? जहेज आपण आपल्या हौसेने आणि शेजाऱ्यांच्या धाकाने देतो, वारसाहक्काच्या हिशेबात त्याला रकानाच नाही. दुसरे उत्तर, जमिनीचे तुकडे होतील. भावाभावांत वाटप होते तेव्हा तुकडे होत नाहीत वाटते! तिसरे सगळ्यात गोड: "तिने खुशीने सोडला." ठीक आहे. आधी तिचे नाव सातबाऱ्यावर चढवा. तिच्या वाट्याचे भात एक-दोन वर्षे तिच्या घरी पोचवा. मग विचारा, सोडतेस का? ज्याला या क्रमाची भीती वाटते त्याला खुशी खरी किती ते ठाऊक असते. बापाच्या हयातीतच मुलीकडून सही घेऊन ठेवणारेही मी पाहिले आहेत. बाप जिवंत असताना वारसाहक्क निर्माणच होत नाही, मग ती सोडते काय?

आणि शेवटी, माहेर तुटेल. म्हणजे सात गुंठ्यांसाठी भाऊ बहिणीला तोडेल. हे वाक्य बहिणीवरचा आरोप म्हणून कसे बोलले जाते, ते मला आजवर कळलेले नाही.

शरियतवर आपले किती प्रेम आहे हे मोर्च्यांत दिसते. 1985 च्या शाहबानो निकालानंतर रस्ते भरले. 2018 मध्ये तिहेरी तलाकच्या विधेयकाविरुद्ध आपल्या आयाबहिणींना उन्हात आझाद मैदानावर नेले. त्यांच्यातल्या किती जणींची नावे बापाच्या सातबाऱ्यावर होती? 1937 चा शरियत कायदा आला तेव्हा त्यामागची एक मोठी तक्रार हीच होती की रिवाजाच्या नावाखाली मुलींचा वारसा बुडवला जातो. त्या कायद्यातून शेतजमीन मात्र वगळली गेली. मद्रास प्रांताने 1949 मध्ये ती उणीव दूर केली. आपल्याकडे त्यासाठी मोर्चा निघाल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

हा रोग फक्त आपला नाही. हिंदू मुलींना महाराष्ट्रात 1994 मध्ये आणि देशभर 2005 मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. तरी माझे हिंदू सहशिक्षक सांगतात त्या गोष्टी हुबेहूब आमच्याच घरातल्या असतात. पण त्यांच्याकडेही चालते म्हणून माझ्यावरची फर्ज फिटत नाही.

"रिवाज बदलत नसतो" म्हणणाऱ्यांना मी सुमात्रा बेटावरच्या मिनांगकाबाऊ लोकांबद्दल सांगतो. तेही मुसलमान, तेही आपल्या कोकणी लोकांसारखे शाफई. डोंगरातली खेडी, भातशेती, आणि पुरुष कमाईसाठी परमुलखात. चित्र ओळखीचे आहे. पण तिथे घराण्याची शेती आणि घर आईकडून मुलीकडे जाते. भाऊ बाहेर राबतो, जमीन बहिणीच्या वंशात राहते. त्यांच्यातलेच एक आलिम, शेख अहमद खतीब, मक्केत शाफई इमाम होते. आपल्याच लोकांचा हा रिवाज फराइजच्या विरुद्ध आहे, असे त्यांनी उघड लिहिले. पुढे तिथे वाट निघाली ती अशी: घराण्याची जमीन जुन्या रीतीने, स्वतः कमावलेली मालमत्ता शरियतप्रमाणे.

तो रिवाज इथे आणा, असे मी म्हणत नाही. माझा प्रश्न आपल्या मिंबरला आहे. मुलग्यांचा हिस्सा जातो म्हणून एक शाफई आलिम मक्केतून स्वतःच्या कौमशी भांडला. आपल्याकडे मुलींचा जातो. चाळीस जुम्यांत त्यावर एक तरी बयान होते का? टीव्ही, मोबाइल, दाढी, सगळ्यावर होते. जमातीच्या बैठकीत मी हे एकदा विचारले तेव्हा विषय वजूखान्याच्या नळाकडे वळला.

महाडच्या माणसाला तरी कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतला फरक समजायला हवा. चवदार तळे 1924 मध्येच नगरपालिकेने ठराव करून खुले केले होते. पाण्याला हात लावायला 1927 चा मार्च उजाडला. त्याच डिसेंबरात बाबासाहेबांच्या परिषदेला जागा मिळेना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जमीन दिली. हे आपण सभेत अभिमानाने सांगतो. परक्यांच्या हक्कासाठी जमीन देणाऱ्याचे नाव घेणारे आपण, घरच्या बहिणीला सात गुंठे देताना फेरफार लपवतो.

माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मागे आई, आम्ही दोघे भाऊ, एक बहीण. वरचा हिशेब मी उगाच निवडला नव्हता. वारसाची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते, आम्ही दिली नाही, कारण धाकट्याचे म्हणणे होते की आधी आपाची सही घेऊ. आपा म्हणाली, "तुम्ही दोघं ठरवा, मला भांडण नको." फुफीही हेच म्हणाली असेल.

गेल्या महिन्यात मी वारस नोंदीचा अर्ज दिला, चारही नावांचा. धाकट्याने फोन उचलणे बंद केले आहे. आई मधे पडत नाही, पण परवा तिने मला विचारले, "माझे पाच गुंठे कुठल्या बाजूला येतात रे?" मी तिला नकाशा काढून दाखवला. विहिरीकडची बाजू तिला हवी आहे.