परदेशी जाताना पेन्शनची वर्षे मोडू नका



मागच्या पंधरवड्यात इंदापूर तालुक्यातील एक ताई कागदांची पिशवी घेऊन आमच्या घरी आल्या. त्यांचे मालक वेल्डर. २००३ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी, ते बारामती एमआयडीसीतील एका कारखान्यात लागले. आठ वर्षे केली. २०११ साली आखाती देशात जाण्याची संधी आली. एजंटाला पैसे द्यायचे होते, म्हणून फंड काढला. पुढे नऊ वर्षे वाळवंटात राबले. त्या पैशातून घर बांधले, थोरल्या मुलीला नर्सिंगला घातले. २०२० च्या टाळेबंदीत परत आले आणि २०२१ पासून पुन्हा इकडेच एका कारखान्यात आहेत. ताईंचा प्रश्न साधा होता, "भाऊ, २०२८ ला ते अठ्ठावन्नचे होतील. मग पेन्शन किती बसेल?"

कागद पाहिले आणि उत्तर देताना जीभ जड झाली. पेन्शन बसणार नाही.

असे का झाले, ते सर्वांनी समजून घेतले पाहिजे. कारण बारामती-इंदापूरकडची पोरे आजही दुबई, सौदी, कतारला निघाली आहेत आणि जाताना हीच चूक करीत आहेत.

आपण ज्याला नुसते 'फंड' म्हणतो, त्यात दोन वेगळी खाती असतात. एक भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पी.एफ.चे. दुसरे कर्मचारी पेन्शन योजनेचे. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झाली. आपल्या पगारातून जे १२ टक्के कापतात, ते सगळे पी.एफ.मध्ये जातात. मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के मात्र पेन्शनकडे वळतात. त्यासाठी पगाराची मर्यादा आधी ६,५०० रुपये होती, १ सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० झाली. म्हणजे १५,००० पगारावर महिन्याला १,२५० रुपये पेन्शन खात्यात पडतात. आपल्या खिशातून त्यात एक पैसाही जात नाही.

पेन्शन मिळायची अट एकच ध्यानात ठेवा: दहा वर्षांची नोकरी. साडेनऊ वर्षे भरली तरी दहा धरतात. ही दहा वर्षे एकाच कारखान्यात भरली पाहिजेत असे नाही. आठ वर्षे इथे, मग खंड, मग सात वर्षे तिथे, अशी वर्षे जोडता येतात. मात्र मधल्या काळात पेन्शनचा पैसा काढलेला नसावा. एकदा तो काढला की ती वर्षे पुसली जातात. पुढची नोकरी पुन्हा पहिलीपासून मोजायची.

ताईंच्या मालकांचे हेच झाले. जाताना त्यांनी दोन्ही फॉर्म भरले. १९ नंबरचा पी.एफ.साठी आणि १०-सी पेन्शनसाठी. भरून देणाऱ्याने विचारले नाही आणि यांना ठाऊक नव्हते. पेन्शनपोटी पन्नास हजारांच्या आसपास हाती आले, ते तिकिटात आणि एजंटात गेले. आता नवी नोकरी अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत सातच वर्षे भरते. तेव्हाही जे मिळेल ते एकरकमी, पेन्शन नव्हे.

आणि ती आठ वर्षे राखली असती तर? आठ आणि सात, पंधरा वर्षे. पेन्शनचा हिशेब असा की, पगार गुणिले वर्षे भागिले ७०. दोन्हीकडे पगार मर्यादेइतका धरू. पहिल्या आठ वर्षांचे ६,५०० च्या हिशेबाने ७४३ रुपये, पुढच्या सात वर्षांचे १५,००० च्या हिशेबाने १,५०० रुपये. मिळून महिन्याला २,२४३ रुपये, आमरण. त्यांच्या मागे ताईंना निम्मे.

कुणी म्हणेल, बावीसशे रुपयांत काय होते? खरे आहे. ही पेन्शन तुटपुंजी आहे आणि महागाईबरोबर ती वाढत नाही. २०१४ साली किमान पेन्शन १,००० रुपये केली, ती ७,५०० करा म्हणून या योजनेतले पेन्शनर वर्षानुवर्षे झगडत आहेत. पण दोन्ही वेळचे काढलेले पैसे एकत्र केले तरी दीड-पावणेदोन लाखांच्या घरात जातात. पेन्शनच्या रूपाने तेवढे सहा वर्षांत वसूल झाले असते आणि पुढचे सगळे वरकड. म्हातारपणी औषधाच्या चिठ्ठीसाठी लेकापुढे हात पसरावा लागत नाही, याची किंमत ज्याने हात पसरला आहे त्यालाच कळते.

तेव्हा परदेशी जाणाऱ्याने काय करावे?

पहिली गोष्ट, दहा वर्षे भरली नसतील तर १०-सी फॉर्म भरताना पैसे मागू नका, योजना प्रमाणपत्र मागा. स्कीम सर्टिफिकेट म्हणतात ते हेच. फॉर्म तोच आहे, कुठल्या चौकटीत खूण करायची एवढाच फरक. परत आल्यावर नव्या मालकाकडे ते द्या आणि आपला जुनाच यूएएन नंबर सांगा. अगदीच नड असेल तर पी.एफ.चा पैसा काढा, पण पेन्शनला हात लावू नका. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी फंडाच्या केंद्रीय विश्वस्त मंडळानेही नोकरी सुटल्यावर पेन्शनचा पैसा काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून ३६ महिने करण्याचा निर्णय घेतला, तो घाईने काढणाऱ्यांची वर्षे बुडतात म्हणूनच.

दुसरी गोष्ट, निघण्यापूर्वी कागद जुळवा. आपल्याकडे शाळेत गुरुजींनी निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून लिहिलेली असते, आधारवर दुसरीच. आडनाव एका कागदावर गावावरून, दुसऱ्यावर वडिलांचे. हे घोळ परदेशातून निस्तरत नाहीत. नोकरी सोडल्याची तारीख खात्यावर चढली का, वारसदार म्हणून पत्नीचे नाव लागले का, हे बघा. आणि आधारला जोडलेला इथला मोबाईल नंबर बंद पडू देऊ नका, सारे ओटीपी त्यावरच येतात.

तिसरी गोष्ट, साखर कारखान्यांतल्या हंगामी कामगारांसाठी. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या पट्ट्यात असे शेकडो आहेत. हंगामी कारखान्यात वर्षातले काही महिनेच काम झाले तरी पेन्शनसाठी ते पूर्ण वर्ष धरतात. "आमचे काय, चार महिन्यांचे काम" म्हणून ती वर्षे सोडून देऊ नका.

आता परदेशातल्या वर्षांचे काय? आखातातला मालक आपल्या इथल्या पेन्शन खात्यात भरणा करीत नाही आणि आपल्यालाही स्वतः भरता येत नाही. दुबईची सरकारी पेन्शन तिथल्या नागरिकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. तिथल्या कायद्याने नोकरी संपताना ग्रॅच्युइटी मिळते. वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. तो हक्क आहे, सोडून येऊ नका. आपल्या सरकारने २०१२ साली अशा कामगारांसाठी महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना काढली होती, पण ती २०१७ साली बंद झाली. केरळने २००८ च्या कायद्याने प्रवासी कल्याण मंडळ काढले. तिथला माणूस परदेशातून दरमहा वर्गणी भरतो आणि साठीनंतर पेन्शन घेतो. आपल्याला मात्र आपली तजवीज आपणच केली पाहिजे.

त्यासाठी दोन वाटा आहेत. राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही खाते काढता येते. आणि इथे राहिलेल्या पत्नीच्या नावाने अटल पेन्शन योजना घ्या. वय १८ ते ४० असावे आणि ती आयकर भरणारी नसावी. तिशीत सुरू केली तर महिन्याला ५७७ रुपये भरून साठीनंतर ५,००० रुपये पेन्शन मिळते. परदेशातून पैसे आले की आधी हा हप्ता, मग स्लॅब, मग लग्नकार्य.

ताई निघताना म्हणाल्या, "आमचे गेले ते गेले. पण धाकटा पुढच्या महिन्यात मस्कतला निघालाय. त्याची कंपनीत सहा वर्षे झालीत." त्याचा १०-सी फॉर्म अजून कोरा होता. आम्ही दोघांनी मिळून योग्य त्या चौकटीत खूण केली.

तुमच्या घरातूनही कुणी निघाले असेल, तर बॅग भरण्याआधी त्याचा फॉर्म एकदा बघा.